डिस्क भरली म्हणून स्नॅपशॉटची फाइल पुसू नका

होस्टवरची, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या खऱ्या संगणकावरची जागा संपते, व्हर्च्युअल मशीन गोठते, आणि तिच्या डिरेक्टरीत डोकावल्यावर कोणाच्या लक्षातही नसलेली शंभर-दीडशे जीबीची एखादी फाइल सापडते. अशा वेळी पहिला मोह ती फाइल पुसून मोकळे होण्याचा असतो. फाइलच्या नावात डेल्टासारखा शब्द असतो, तारीख बरीच जुनी दिसते, आणि मशीन तर मूळ डिस्कवरच चालत असणार अशी समजूत असते. हा मोह आवरावा, एवढी एकच गोष्ट या लेखातून वाचकाच्या मनावर ठसली तरी मला पुरे आहे. स्नॅपशॉटने व्यापलेली जागा पुसून मिळवायची नसते, ती विलीनीकरणातून, म्हणजे नव्या फाइलीतले बदल तिच्या आधीच्या फाइलीत मिसळून मिळते. विलीनीकरणाला हात घालण्याआधी एकमेकींवर टेकलेल्या या फाइलींची साखळी नीट वाचावी लागते, आणि ती वाचण्याचा कंटाळा बहुतेक वेळा अंगाशी येतो.

स्नॅपशॉट घेणे म्हणजे डिस्कची प्रत काढणे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात स्नॅपशॉट घेताच मूळ डिस्क केवळ वाचनापुरती गोठवली जाते आणि त्या क्षणापासूनचे सगळे लेखन एका नव्या फाइलीत होऊ लागते. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअर या प्रणालीत ही डेल्टा फाइल असते, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये एव्हीएचडीएक्स, आणि क्यूईएमयूच्या जगात तिला ओव्हरले म्हणतात. एखादा ब्लॉक, म्हणजे डिस्कचा छोटा तुकडा, वाचायचा झाला तर तो आधी सर्वांत नव्या फाइलीत शोधला जातो, तिथे नसेल तर तिच्या आधीच्या फाइलीत, आणि असे करत अखेर मूळ डिस्कपर्यंत जावे लागते. म्हणजे स्नॅपशॉटनंतर लिहिलेला प्रत्येक ईमेल, डेटाबेसमधली प्रत्येक नोंद, प्रत्येक लॉग या डेल्टा फाइलीतच असतो. मूळ डिस्क हा भूतकाळ आहे आणि डेल्टा हा वर्तमान. डेल्टा पुसली की मशीन स्नॅपशॉटच्या क्षणावर जाऊन पडते, आणि साखळीत मधलीच फाइल पुसली असेल तर त्या क्षणावरदेखील धडपणे जात नाही, कारण पुढच्या फाइलींना आधार देणारे ब्लॉकच नाहीसे झालेले असतात.

डेल्टा फाइल इतकी का फुगते, हे कळले की पुढचे निर्णय सोपे होतात. तिचा आकार मशीनमधला डेटा किती वाढला यावर ठरत नाही, तर स्नॅपशॉटनंतर किती वेगवेगळ्या ब्लॉकांना हात लागला यावर ठरतो. डेटाबेसने एकूण आकारात एका जीबीचीही भर घातली नाही, पण रात्रीतून सगळे इंडेक्स नव्याने बांधले, तर तेवढे सगळे ब्लॉक डेल्टात येतात. गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत, कोणी डीफ्रॅग चालवला, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलली किंवा मोठ्या फाइली इकडून तिकडे हलवल्या, तरी तेच होते. त्याहून विचित्र वाटणारी गोष्ट अशी की गेस्टमधली फाइल पुसल्याने डेल्टा आटत नाही, उलट पुसण्याची नोंद ठेवण्यासाठी ती किंचित वाढतेच. डेल्टाला वरची मर्यादा असते ती मूळ डिस्कच्या आकाराची आणि थोड्या व्यवस्थापकीय भाराची. पण ही मर्यादा प्रत्येक डेल्टाला स्वतंत्रपणे लागू होते. ५०० जीबीच्या डिस्कवर ३ स्नॅपशॉट असतील तर हिशेबाने २ टीबीपर्यंत जागा लागू शकते. शिवाय स्नॅपशॉट घेताना मेमरीसह घेण्याच्या पर्यायावर खूण राहून गेली असेल, तर रॅमच्या आकाराएवढी आणखी एक फाइल शेजारी येऊन बसते. ६४ जीबी रॅमच्या मशीनसाठी ही भर मुळीच किरकोळ नाही.

व्हीएमवेअरमध्ये साखळी ३२ स्नॅपशॉटपर्यंत लांबवता येते, पण त्यांचीच शिफारस २ ते ३ च्या पुढे जाऊ नये आणि कोणताही स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवू नये अशी आहे. ही शिफारस मला अतिशय योग्य वाटते. स्नॅपशॉट हा अपग्रेडपुरता परतीचा रस्ता आहे, बॅकअप नव्हे. मूळ डिस्क ज्या स्टोरेजवर आहे त्याच स्टोरेजवर डेल्टाही असते, त्यामुळे स्टोरेज गेले की दोन्ही जातात.

आता साखळी वाचण्याबद्दल. व्यवस्थापनाच्या पडद्यावर स्नॅपशॉटची जी यादी दिसते ती केवळ नोंदवही असते. व्हीएमवेअरमध्ये ही नोंद व्हीएमएसडी नावाच्या छोट्या फाइलीत राहते, आणि तिची व प्रत्यक्षातल्या डिस्क-फाइलींची फारकत होऊ शकते. म्हणून यादी रिकामी दिसली तरी स्नॅपशॉट नाही असा निष्कर्ष काढू नये. मशीनच्या सेटिंगच्या व्हीएमएक्स फाइलीत डिस्कचे नाव पाहावे. त्या नावाच्या शेवटी ०००००३ असा आकडा असेल तर मशीन त्या क्रमांकाच्या डेल्टावर चालू आहे, मग यादी काहीही सांगो. त्या डेल्टाची वर्णन-फाइल साध्या मजकुराची, जेमतेम काही ओळींची असते. तीत स्वतःचा ओळखक्रमांक, पालकाचा म्हणजे आधीच्या फाइलीचा ओळखक्रमांक आणि पालक फाइलीचे नाव लिहिलेले असते. तिथून पालकाच्या वर्णन-फाइलीकडे, मग तिच्या पालकाकडे, असे कागद-पेन घेऊन मूळ डिस्कपर्यंत जावे. प्रत्येक पायरीवर मुलाने सांगितलेला पालकाचा क्रमांक आणि पालकाचा स्वतःचा क्रमांक जुळायला हवा. क्यूईएमयूमध्ये हे काम क्यूईएमयू-आयएमजीच्या इन्फो आदेशाला बॅकिंग-चेन हा पर्याय जोडून होते, आणि मशीन खरोखर कोणत्या फाइलीवर चालू आहे हे व्हर्श या आदेश-साधनाच्या डोमब्लकलिस्ट आदेशातून कळते. हायपर-व्हीमध्ये गेट-व्हीएचडी हा पॉवरशेल आदेश प्रत्येक फाइलीच्या पालकाचा मार्ग दाखवतो.

एका कार्यालयातल्या डेटाबेस सर्व्हरचे उदाहरण इथे सविस्तर सांगण्यासारखे आहे. डिस्क ३०० जीबीची होती आणि तिची जागा आधीच पूर्ण राखून ठेवलेली होती. डेटास्टोअर, म्हणजे मशीनच्या फाइली ठेवण्याची व्हीएमवेअरची साठवण-जागा, भरत आल्याचा इशारा आला, तेव्हा स्नॅपशॉटची यादी साफ रिकामी होती, फक्त सारांशाच्या पानावर विलीनीकरण आवश्यक असल्याची पिवळी पट्टी होती. डिरेक्टरीत मात्र ४० जीबी, ९ जीबी आणि ८८ जीबी अशा तीन डेल्टा फाइली उभ्या होत्या, आणि व्हीएमएक्स फाइल तिसरीकडे बोट दाखवत होती. विलीनीकरणाचा आदेश दिला की काही सेकंदांत फाइल कुलूपबंद असल्याची त्रुटी येई. कुलूप कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर बॅकअपच्या प्रॉक्सी मशीनमध्ये सापडले. रात्रीच्या बॅकअपसाठी प्रॉक्सी ही डिस्क तात्पुरती स्वतःला जोडून घेत असे. एका रात्री काम मध्येच तुटले आणि डिस्क तशीच जोडलेली राहिली. त्यानंतरच्या बॅकअपांनी घेतलेले स्नॅपशॉट यादीतून निघाले, पण त्यांची विलीनीकरणे या कुलपापाशी अडली आणि साखळी गुपचूप लांबत गेली.

उपाय छोटा होता, पण त्यात एक जागा अत्यंत धोक्याची होती. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती डिस्क काढताना 'डिस्कवरच्या फाइलीही पुसा' या पर्यायावरची खूण रिकामी असल्याची खात्री करावी लागते. ती खूण राहिली तर डेटाबेसची मूळ डिस्कच जाते. डिस्क फक्त जोडणीतून सोडवली, बॅकअपचे वेळापत्रक थांबवले, आणि मग विलीनीकरण विनातक्रार पार पडले. मूळ डिस्कची जागा आधीच राखलेली असल्यामुळे १३७ जीबीच्या डेल्टा तीत मिसळताना डेटास्टोअरवर नवा भार पडला नाही, आणि शेवटी तेवढी सगळी जागा मोकळी झाली. व्हीएमएक्स फाइल पुन्हा मूळ डिस्कचे नाव दाखवू लागल्यावरच बॅकअप पुन्हा सुरू केले. पडद्यावरची पिवळी पट्टी गेली एवढ्यावर समाधान मानू नये, हा माझा आग्रह आहे. डिरेक्टरी उघडून पाहावी.

यादी रिकामी आहे, डेल्टा आहेत, पण विलीनीकरणाचा पर्यायच उपलब्ध नाही, अशीही स्थिती येते. तेव्हा मेमरीविना एक नवा स्नॅपशॉट घ्यावा आणि लगेच सगळे स्नॅपशॉट काढण्याचा आदेश द्यावा. नव्या स्नॅपशॉटमुळे नोंदवही नव्याने लिहिली जाते आणि काढण्याचा आदेश पूर्ण साखळीला लागू होतो. अर्थात नव्या स्नॅपशॉटलाही थोडी जागा लागतेच, म्हणून जागा अगदी शून्यावर आली असेल तर आधी श्वास घेण्यापुरती जागा करावी लागते.

ही जागा कुठून आणायची? ईएसएक्सआय, म्हणजे व्हीएमवेअरच्या होस्टवर प्रत्येक चालू मशीनसाठी एक स्वॅप फाइल असते. तिचा आकार म्हणजे मशीनला दिलेली मेमरी वजा तिच्यासाठी राखीव ठेवलेली मेमरी. मशीन बंद केले की ही फाइल जाते. त्याच डेटास्टोअरवरचे ३२ जीबी मेमरीचे एखादे कमी महत्त्वाचे चाचणी-मशीन बंद केले तर, राखीव मेमरी शून्य असल्यास, ३२ जीबी तत्काळ हाती येतात. मात्र जागा पुन्हा होईपर्यंत ते मशीन सुरू होणार नाही, कारण सुरू होताना त्याला तेवढीच फाइल पुन्हा बनवायची असते. विसरलेल्या आयएसओ प्रतिमा आणि कोणा मशीनला जोडलेल्या नाहीत अशा डिस्क हलवता येतात, पण जोडलेली नाही याची खात्री साखळी वाचूनच करावी, नावावरून नव्हे. जागा संपल्यामुळे गोठलेल्या मशीनवर पुन्हा प्रयत्न करायचा की रद्द करायचे असा प्रश्न पडद्यावर थांबलेला असेल, तर तो तसाच थांबू द्यावा. जागा केल्यावर पुन्हा प्रयत्न निवडले की मशीन थांबले होते तिथून पुढे चालू लागते. क्यूईएमयूदेखील जागा संपल्यावर गेस्टला त्रुटी न देता सहसा थांबवूनच ठेवतो. अशा वेळी रीसेटचे बटण दाबणे म्हणजे सुस्थितीत थांबलेल्या डेटाबेसला विनाकारण धक्का देणे होय.

जागा तोकडी असताना स्नॅपशॉट कोणत्या क्रमाने काढायचे, याला फार महत्त्व आहे, आणि याबद्दल पुरेसे लिहिले जात नाही असे मला वाटते. समजा मूळ डिस्कवर आधी पहिला आणि मग दुसरा स्नॅपशॉट घेतला आहे. दुसरा काढला तर चालू डेल्टा पहिल्या डेल्टात मिसळते. पहिली डेल्टा वाढते, आणि विलीनीकरण पूर्ण होईपर्यंत दोन्ही फाइली डिस्कवर असतात, म्हणजे ऐन टंचाईत मागणी वाढते. याउलट आधी पहिला, म्हणजे सर्वांत जुना स्नॅपशॉट काढला, तर पहिली डेल्टा थेट मूळ डिस्कमध्ये मिसळते. मूळ डिस्कची जागा राखलेली असेल तर काहीही वाढत नाही आणि पहिल्या डेल्टाची जागा सुटते. मूळ डिस्क थिन, म्हणजे वापराप्रमाणे जागा घेत जाणारी, असेल तर मात्र ती वाढू शकते, आणि तो हिशेब आधी मांडावा. थिन डिस्क आत्ता किती जागा व्यापते, तिची कमाल किती, आणि डेटास्टोअरवर शिल्लक किती, हे तीन आकडे समोर असल्याखेरीज आदेश देऊ नये. म्हणून टंचाईत जुन्याकडून नव्याकडे जावे, आणि जागा मुबलक असेल तर सगळे एकदम काढावेत.

विलीनीकरणाची पट्टी ९९ टक्क्यांवर तासन्‌तास अडून राहते तेव्हा जीव टांगणीला लागतो. बऱ्याचदा तिथे काहीही अडलेले नसते. पट्टीवरची टक्केवारी आणि प्रत्यक्ष हलवायच्या ब्लॉकांची संख्या यांचा संबंध सैल असतो. अशा वेळी होस्टवर लॉग इन करून डिरेक्टरीतल्या फाइलींच्या वेळा आणि आकार थोड्या थोड्या अंतराने पाहावेत. मूळ डिस्कच्या फाइलीची वेळ पुढे सरकत असेल तर काम चालू आहे. मधेच रद्द करू नये, आणि होस्ट तर अजिबात रीस्टार्ट करू नये. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ६ च्या आधीच्या आवृत्त्यांत विलीनीकरणाच्या काळातले लेखन एका तात्पुरत्या मदतनीस डेल्टात जमा होते, आणि भरपूर लेखन करणाऱ्या मशीनवर शेवटी तीच मिसळताना मशीन काही काळ थबकते. नंतरच्या आवृत्त्यांत लेखन दोन्हीकडे एकाच वेळी करण्याची युक्ती आल्याने हे थबकणे बरेच कमी झाले. तरीही असे काम मशीनवर लेखनाचा ताण कमी असण्याच्या वेळी करणेच शहाणपणाचे.

पालक डिस्क बदलली असल्याची त्रुटी हा वेगळा आणि जास्त गंभीर प्रकार. बहुधा कोणीतरी एखादी जुनी फाइल पाहण्यासाठी मूळ डिस्क दुसऱ्या मशीनला जोडलेली असते, किंवा साखळी असतानाच डिस्कचा आकार वाढवलेला असतो. ओळखक्रमांक हाताने जुळवून साखळी पुन्हा जोडता येते. पण मूळ डिस्कवर खरोखर काही लिहिले गेले असेल, तर क्रमांक जुळवल्याने मशीन सुरू होईल आणि फाइल सिस्टिम आतून विस्कटलेली असेल. केवळ वाचनापुरते माउंट केले होते, हा खुलासा इथे कामाचा नाही, कारण ईएक्सटी४ फाइल सिस्टिम वाचनापुरती माउंट केली तरी जर्नलमधले अपुरे काम पूर्ण करण्यासाठी डिस्कवर लिहू शकते. अशा साखळीला हात लावण्याआधी सगळ्या फाइलींची दुसऱ्या स्टोरेजवर प्रत काढावी. त्याला पर्याय नाही.

क्यूईएमयू आणि त्याचे व्यवस्थापन करणाऱ्या लिबव्हर्टवर विलीनीकरणाचे काम व्हर्शच्या ब्लॉककमिट आदेशाने चालू मशीनवरच होते. सर्वांत वरचा ओव्हरले खाली मिसळायचा असेल तर ॲक्टिव्ह आणि पिव्हट हे दोन्ही पर्याय द्यावे लागतात. पिव्हट राहून गेला तर काम पूर्ण होऊनही मशीन जुन्याच ओव्हरलेवर लिहीत राहते आणि कामाची नोंद उघडीच राहते. यशस्वी विलीनीकरणानंतरही ओव्हरलेची फाइल आपोआप जात नाही. डोमब्लकलिस्टमध्ये आता मूळ डिस्क दिसते आहे हे पाहिल्यावर, आणि ती फाइल दुसऱ्या कोणाचा आधार नाही हे पटल्यावर, तेवढीच ती पुसावी. फाइल पुसण्याची या लेखातली ही एकमेव जागा. ब्लॉकपुल हा उलट दिशेचा आदेश खालचा डेटा वरच्या फाइलीत ओढून घेतो, त्यामुळे त्याला जागा अधिक लागते आणि टंचाईत तो निरुपयोगी ठरतो. चालू मशीनच्या डिस्कवर क्यूईएमयू-आयएमजीने थेट बदल करू नयेत. २.१० आवृत्तीपासून प्रतिमेला कुलूप घातले जाते ते याचसाठी, आणि ते कुलूप डावलण्याचे पर्याय केवळ माहिती वाचण्यापुरते वापरावेत.

हायपर-व्हीवर विंडोज सर्व्हर २०१२ पासून चेकपॉइंट, म्हणजे तिथला स्नॅपशॉट, काढल्यावर विलीनीकरण मशीन चालू असतानाच होते. त्याआधी त्यासाठी मशीन बंद करावे लागे. एव्हीएचडीएक्स फाइल उरलेली दिसली तर आधी विलीनीकरण अजून चालू आहे का ते पाहावे, एवढे सांगून पुढे जातो.

विलीनीकरणाने साखळी मिटते, पण जागेचा प्रश्न तिथेच संपत नाही. गेस्टमध्ये ८० जीबीचे जुने लॉग पुसले आणि होस्टवर एक बाइटही सुटली नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. कारण उघड आहे. गेस्टची फाइल सिस्टिम ब्लॉक रिकामे झाल्याची नोंद फक्त स्वतःपाशी करते. त्याखाली व्हर्च्युअल डिस्क, तिच्याखाली होस्टची फाइल सिस्टिम आणि तिच्याखाली कदाचित थिन स्टोरेज असते, आणि यांपैकी प्रत्येकाला हे ब्लॉक आता नको आहेत असे वेगळे कळवावे लागते. निरोप आतून बाहेर, एकेका थरातून जातो, आणि एक जरी थर तो पुढे पाठवत नसेल तरी जागा तिथेच अडते. म्हणून जागा सुटली नाही असे म्हणण्याऐवजी ती कोणत्या थरापर्यंत सुटली हे तपासावे.

लिनक्स गेस्टमध्ये पहिली तपासणी एलएसबीएलके आदेशाला डिस्कार्ड पर्याय जोडून करावी. डिस्कार्डचे, म्हणजे या निरोपाचे, रकाने शून्य दाखवत असतील तर व्हर्च्युअल डिस्क हा निरोप स्वीकारतच नाही, आणि निरोप पाठवणारा एफएसट्रिम आदेश कितीही वेळा चालवला तरी उपयोग नाही. क्यूईएमयूमध्ये डिस्कच्या व्याख्येत डिस्कार्डचे मूल्य अनमॅप असे लिहावे लागते. डिस्क जोडण्याच्या व्हर्टिओ-स्कझी या पद्धतीवर हे आधीपासून चालते, तर व्हर्टिओ-ब्लकला ही सोय क्यूईएमयूच्या ४.० आवृत्तीत मिळाली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर क्रिप्टसेटअपच्या थरालाही डिस्कार्ड पुढे जाऊ देण्याची परवानगी स्पष्टपणे द्यावी लागते. विंडोज गेस्टमध्ये ऑप्टिमाइझ-व्हॉल्यूम आदेशाला रीट्रिम हा पर्याय देऊन तेच काम होते. हे सारे झाल्यावर होस्टवर फाइलीचा आकार एलएसने पाहू नये, तो बदललेला दिसणार नाही. फाइलीत पोकळ्या पडलेल्या असतात, आणि प्रत्यक्ष व्यापलेली जागा डीयू दाखवतो. ही पोकळ फाइल साध्या साधनाने दुसरीकडे हलवली की पोकळ्या पुन्हा शून्यांनी भरून येतात, म्हणून आरसिंकला स्पार्स पर्याय देण्याची सवय लावून घ्यावी.

डिस्कार्ड जिथे चालत नाही तिथे जुना उपाय म्हणजे मोकळी जागा शून्यांनी भरणे आणि मग डिस्क आकसवणे. लिनक्समध्ये त्यासाठी झीरोफ्री आहे, विंडोजमध्ये एसडिलीट. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यानंतर मॉडिफायमीडियमला कॉम्पॅक्ट पर्याय द्यायचा, जो व्हीडीआय डिस्कसाठी आहे. हायपर-व्हीत मशीन बंद करून ऑप्टिमाइझ-व्हीएचडी चालवायचे, आणि ईएसएक्सआयवर मशीन बंद असताना व्हीएमकेएफएसटूल्सच्या पंचझीरो पर्यायाने थिन डिस्कमधले शून्यांचे ब्लॉक सोडवायचे. पण या उपायात एक खोल खड्डा आहे. स्नॅपशॉट असलेल्या मशीनमध्ये शून्ये भरली तर ती मूळ डिस्कवर जात नाहीत, कारण मूळ डिस्क गोठलेली आहे. ती डेल्टात जातात. गेस्टमध्ये २०० जीबी मोकळे असतील तर जागा मिळवण्याच्या नादात डेल्टा २०० जीबीपर्यंत फुगते आणि डेटास्टोअर तिथल्या तिथे भरते. म्हणून आधी साखळी मिटवावी, मग आकसवण्याला हात घालावा. हा क्रम कधीही उलटा करू नये.

क्यूईएमयूच्या क्यूकाऊ२ प्रकारच्या डिस्क-फाइलीच्या पोटातले अंतर्गत स्नॅपशॉट आणखी फसवतात. त्यांची वेगळी फाइल दिसत नाही, म्हणून ते कोणाच्या नजरेत येत नाहीत. ते काढल्यावरही ब्लॉक त्या फाइलीच्या आत पुन्हा वापरण्यासाठी मोकळे होतात, पण फाइल सहसा लहान होत नाही. तिला लहान करायचे तर मशीन बंद करून क्यूईएमयू-आयएमजीच्या कन्व्हर्टने नवी प्रत बनवावी. त्यासाठी नव्या प्रतीएवढी जागा हवी, आणि उरलेले अंतर्गत स्नॅपशॉट त्या प्रतीत येत नाहीत हे ध्यानात ठेवावे.

गेस्टने सोडलेली जागा व्हीएमएफएसपर्यंत, म्हणजे व्हीएमवेअर डेटास्टोअरच्या फाइल सिस्टिमपर्यंत, पोचली तरी खालच्या स्टोरेजला ती कळायला हवी. व्हीस्फिअर ६.५ सोबत आलेल्या व्हीएमएफएस६ वर हे काम पार्श्वभूमीवर आपोआप, सावकाश होते. व्हीएमएफएस५ वर ते हाताने आदेश देऊन करावे लागते. त्यामुळे जुन्या डेटास्टोअरवर डेटास्टोअर अर्धे रिकामे आणि स्टोरेज मात्र काठोकाठ भरलेले, असे चित्र दिसू शकते.

झेडएफएस या फाइल सिस्टिमवर मशीन ठेवणाऱ्यांना आकड्यांचा वेगळाच पेच पडतो. समजा ६० जीबीची एक डेटाबेस प्रत सलग तीन स्नॅपशॉटमध्ये होती आणि आता चालू डिस्कवरून पुसली गेली आहे. यादीत तिन्ही स्नॅपशॉटसमोर वापरलेली जागा जेमतेम काही एमबी दिसेल, कारण तो रकाना फक्त त्या एकाच स्नॅपशॉटच्या मालकीचे ब्लॉक मोजतो आणि हे ६० जीबी तिघांचे सामाईक आहेत. एक काढा, काही सुटत नाही. दोन काढा, तरीही नाही. तिसरा काढल्यावर एकदम ६० जीबी सुटतात. म्हणून एकेका स्नॅपशॉटचे आकडे जोडत बसण्याऐवजी डेटासेटच्या यूज्डबायस्नॅपशॉट्स या गुणधर्मात एकूण आकडा पाहावा, आणि डिस्ट्रॉय आदेशाला एन आणि व्ही हे पर्याय देऊन, टक्क्याच्या चिन्हाने पहिला ते शेवटचा असा पट्टा सांगून, काहीही न काढता किती जागा सुटेल ते आधी विचारावे. पूर्ण जागा राखलेल्या झेडव्हॉलवर, म्हणजे झेडएफएसमधल्या व्हर्च्युअल डिस्कवर, स्नॅपशॉट घेताना पूलमध्ये, म्हणजे सामाईक साठ्यात, भरपूर जागा दिसत असूनही जागा नसल्याची त्रुटी येते, तीही याच हिशेबातली. स्नॅपशॉटनंतर सगळी डिस्क नव्याने लिहिली गेली तरी पुरेल एवढी राखीव जागा झेडएफएस त्याच क्षणी मागतो.

लिनक्सच्या एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थापनातल्या जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटला ठरावीक आकार द्यावा लागतो. तो भरला की स्नॅपशॉट बाद होतो, मूळ व्हॉल्यूम शाबूत राहते. अनेक डिस्कना सामाईक असलेल्या थिन पूलमध्ये मात्र पूल भरला की त्यातल्या सगळ्या मशीन एकदम संकटात येतात. पूल भरल्यावर लेखन साधारण ६० सेकंद रांगेत थांबवले जाते आणि त्यानंतर त्रुटी येऊ लागतात. डेटा आणि मेटाडेटा (कोणता ब्लॉक कुठे आहे याची नोंद) यांचे टक्के एलव्हीएस आदेशात वेगवेगळे दिसतात, आणि स्नॅपशॉट पुष्कळ असतील तर डेटा निम्म्यावर असतानाच मेटाडेटा काठावर आलेला असू शकतो. तो भरणे हे डेटा भरण्याहून वाईट, कारण मग पूल दुरुस्त करावा लागतो. पूल आपोआप वाढवण्याची सोय एलव्हीएममध्ये आहे, पण तिचा उंबरठा मुळात १०० टक्क्यांवर असतो, आणि १०० याचा अर्थ ही सोय बंद आहे असा होतो. सेटिंगच्या फाइलीत तो ८० वर आणावा, वाढीचे प्रमाण २० ठेवावे, डीएमइव्हेंटडी ही सेवा चालू असल्याचे पाहावे, आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये या वाढीसाठी खरोखर मोकळी जागा सोडून ठेवावी. ती नसेल तर उंबरठा कितीही खाली आणला तरी पूल वाढायला जागाच उरत नाही.